जिनूचा आकडा

“चार,” जिनू म्हणाला.

मी मान वर करून पुन्हा मोजले. सहा होते. डोळे चोळले, लांब गावाच्या दिव्यांकडं पाहिलं, परत वर पाहिलं. सहाच.

“हण्या, तुझे किती?”

“तीन,” मी म्हणालो.

तोंडातून कसं निघालं ते माझं मला कळलं नाही. जिनूच्या वर माझा आकडा आजवर कधी गेला नव्हता, आणि त्या संध्याकाळीही तो जाऊ नये असं पोटातून वाटलं, इतकंच.

“मॅडम?”

भोईटे मॅडम माझ्या डावीकडं उभ्या होत्या. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. खोटं बोलणाऱ्या मुलीला बाकावर उभं करणारी बाई. हजेरी घेतात तशा खणखणीत आवाजात त्या म्हणाल्या, “तीन.”

मॅडमना कायम आठ दिसायचे. मी वळून त्यांच्याकडं पाहिलं, पण दिवेलागण होऊन गेलेली, चेहरा काही दिसला नाही.

“मग झालं तर,” जिनू म्हणाला. “आजचं आकाश चार. ही जागा गेली रे. त्या नव्या पेट्रोल पंपाच्या दिव्यांनी वाट लावली सगळी.”

हे मोजणं काय होतं ते आधी सांगतो, नाहीतर आम्ही वेडे आहोत असं वाटेल. वेडे होतोच म्हणा, मंडळाचं नावच ‘चांदणवेडे मंडळ’. फलटणात मंडळ म्हटलं की लोकांना गणपतीची वर्गणी आठवायची आणि ते आधीच हात झटकून मोकळे व्हायचे. दिवाळी ते शिमगा, अमावास्येच्या जवळच्या शनिवारी गावाबाहेरच्या टेकडीवर जायचं, दुर्बीण लावायची आणि कुडकुडत आकाश बघायचं, हा आमचा उद्योग. नावाला बारा-पंधरा सभासद, नेमानं येणारे आम्ही तिघं. दुर्बिणीला हात लावायच्या आधी कृत्तिका मोजायच्या, हा जिनूचा दंडक. कृत्तिका म्हणजे बारीक चांदण्यांचा तो एवढासा झुबका. साध्या नजरेला त्यात सहा दिसतात. नजर तीक्ष्ण असेल, आकाश काळं असेल, तर जास्त. आधी जिनूनं सांगायचं, मग आम्ही. त्याचा आकडा सगळ्यांत मोठा, म्हणून तोच त्या दिवसाच्या आकाशाचा आकडा. आकाश स्वच्छ असलं की जिनू अकरापर्यंत जायचा. एकदा गस्तीवरचा हवालदार अंधारात ‘अकरा’, ‘आठ’, ‘सहा’ असं ऐकून मटका चाललाय म्हणून काठी आपटत वर आला होता. जिनूनं त्याला कृत्तिका मोजायला लावल्या, चहा पाजला, आणि जाताना तो हवालदार ‘मला पाच दिसल्या बरं का’ असं दहादा सांगत खाली उतरला.

जिनू म्हणजे जिनेंद्र दोशी. बाजारपेठेत त्याचं कापडाचं दुकान. आम्ही शाळेपासूनचे. पुढं मी एस.टी.च्या वर्कशॉपात चिकटलो आणि तो गल्ल्यावर बसला. मला आकाशाचं काडीचं कौतुक नव्हतं. “तुझी जीप आण, बाकी मी बघतो,” म्हणून त्यानं मला ओढलं, आणि वीस वर्षं मी कुरकुर करत ओढला गेलो. जैन माणूस, दिवस मावळायच्या आत जेवायचा, नंतर पाण्याचा थेंब नाही. पण आमच्यासाठी उज्ज्वलावहिनींकडून दशम्या, शेंगदाण्याची चटणी, थर्मासभर चहा आणायचा आणि समोर बसून आग्रह करकरून खायला घालायचा. “मॅडम, अर्धी घ्या. हण्या, तू लाजतोस होय रे कधीपासून?” स्वतःच्या तोंडात घास न घालता दुसऱ्याला असं जीव लावून वाढणारा माणूस मी तरी दुसरा बघितला नाही.

ही रीत त्याच्या आईची. शाळेत असताना त्याच्याकडं गेलो की काकू दिवस असतानाच पानं मांडायच्या. अंधार पडला की मात्र ओसरीच्या कोपऱ्यात जाऊन बसायच्या आणि जागच्या हलायच्या नाहीत. तो त्यांचा काहीतरी धर्माचा नेम असेल, असं मी धरून चाललो होतो.

जिनूला जाऊन आता बरीच वर्षं झाली. म्हातारा होऊन, झोपेत, भरल्या घरातून गेला. त्याचं मी रडत बसत नाही. मला राहून राहून आठवतात ते दोन हिवाळे, आणि त्या आठवणीनं आजही माझा जीव गोळा होतो.

तर त्या शनिवारी टेकडी उतरताना जिनूनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. पायवाट त्याला पाठ होती, डोळे मिटून उतरला असता.

“चप्पल गुळगुळीत झालीय,” तो म्हणाला.

जीपजवळ दुर्बिणीची पेटी ठेवलेली. तिच्यावर जाऊन धडकला, नडगी धरून कळवळला आणि मलाच म्हणाला, “पेट्या कुठंही ठेवतोस लेका.”

पेटी नेहमीच्याच जागी होती. मी ती उचलून जीपमध्ये टाकली.

दोन दिवसांनी दुकानावर गेलो तर एक बाई तणतणत होत्या. लुगडं निळं आणि जिनूनं दिलेला ब्लाउजपीस काळा. जिनूच्या दुकानाची ख्याती काय होती? बाई काठाचा धागा घेऊन आली की जिनू गठ्ठ्यात हात घालून नेमका जोडीचा तुकडा काढायचा. लोक फलटणच्या पलीकडून यायचे त्यासाठी. जिनू हसत होता. “वहिनी, ट्यूबलाइट गेलीय बघा आमची. आज बदलतो.” त्यानं दोन्ही कापडं उचलून दाराशी उन्हात नेली, बघितली, दुसरा तुकडा काढून दिला आणि वर एक रुमाल फुकट दिला.

मी ट्यूबलाइटकडं बघितलं. चांगली लख्ख होती.

बाहेर पडलो तर उज्ज्वलावहिनी मागच्या बोळाच्या तोंडाशी थांबलेल्या. पदर हाताला गुंडाळत म्हणाल्या, “भाऊजी, तुम्हाला काही बोललेत का हे?”

“कशाबद्दल?”

“परवा जिन्यावरून पडले. पहिल्यांदा नाही. संध्याकाळ झाली की भिंतीला हात लावून चालतात. मी विचारलं की माझ्यावरच खेकसतात, आणि हे कधी खेकसणारे आहेत का? त्यांच्या नजरेचं काहीतरी होतंय, भाऊजी. तुम्ही पुण्याला दाखवा त्यांना. तुमचं ऐकतील.”

“बोलतो मी,” म्हणालो.

बोलतो म्हणणं सोपं होतं. संध्याकाळी मॅडमच्या घरी गेलो. त्यांनी चहा पुढं केला आणि मी घोट घ्यायच्या आत विचारलं, “मॅडम, शनिवारी तुम्हाला किती दिसले?”

“तुम्हाला किती दिसले?”

“सहा.”

“मला आठ.”

“मग तीन का म्हणालात?”

“तुम्ही तीन म्हणालात, रणवरे,” मॅडम म्हणाल्या. “त्यांनी चार, तुम्ही तीन. त्यावर मी आठ म्हणून काय करणार होते?” त्यांनी कप खाली ठेवला. “त्यांना वाटतंय आकाश गेलंय. तुम्ही सांगा त्यांना. तुमची लंगोटीयारी.”

“तुम्ही शिकलेल्या. तुम्ही नीट सांगाल.”

असं आम्ही एकमेकांवर ढकलत बसलो. शेवटी मॅडमच म्हणाल्या, “ज्या माणसानं मला पहिल्यांदा शनीची कडी दाखवली, त्याला मी कुठल्या तोंडानं सांगू की तुमची नजर जातेय?” आणि त्या उठून आत गेल्या. परत आल्या तेव्हा डोळे पुसून आल्या होत्या.

वर्कशॉपात माझं नाव होतं. गाडी फाटकातून आत येताना नुसत्या आवाजावरून मी दुखणं सांगायचो आणि संध्याकाळपर्यंत ती रस्त्यावर काढायचो. इथं दुखणं माझ्या शेजारी जीपमध्ये बसलेलं असायचं, जुनी गाणी गुणगुणत, आणि मला कुठला नट धरावा ते कळत नव्हतं. दोनदा मी विषय काढला. एकदा म्हणालो, “जिनू, वय झालं आपलं, डोळे तपासून घेऊ.” तो म्हणाला, “तुझे घे, तुला कधी सहाच्या वर दिसलेत?” दुसऱ्यांदा त्यानं ऐकूनच घेतलं नाही. “जागा शोध, हण्या,” एवढंच म्हणाला. “काळी जागा. मोगराळ्याचा घाट कसा आहे?”

पुढच्या अमावास्येला घाटात गेलो. वर चढून एका वळणाशी सपाटी होती, तिथं जीप लावली. फलटणचे दिवे खाली डोंगराआड गेले. जिनू मान वर करून बराच वेळ उभा राहिला.

“सहा,” तो म्हणाला.

आवाजात असा आनंद होता की ऐकणाऱ्याला वाटावं, घरी पाळणा हललाय. “सहा रे हण्या. बघितलंस? जागेचा प्रश्न होता.”

“मला पाच,” मी म्हणालो.

“मलाही पाच,” मॅडम म्हणाल्या.

जिनूनं आम्हाला त्या दिवशी डबल दशम्या खायला घातल्या. मी मनात म्हणालो, चला, असेल बाबा जागेचाच प्रश्न. असं स्वतःला समजावणं बरं वाटतं. मला मुळीच बोलावं लागलं नाही, याचाही आनंद झाला, हे कशाला लपवू.

तो हिवाळा सहा-पाचावर निघाला. पावसाळा गेला. दिवाळीनंतर पुन्हा घाटात गेलो तेव्हा जिनू जीपमधून उतरला तोच माझा दंड धरून. दुर्बीण त्यानं मॅडमना लावायला सांगितली. “तुम्ही शिकून घ्या आता, मी किती दिवस लावत बसू?” मग कृत्तिकांकडं तोंड केलं.

“दोन,” तो म्हणाला.

“एक,” मी म्हणालो. मॅडम “एक” म्हणताना अडखळल्या. आमच्या डोक्यावर आकाश चांदण्यांनी असं गच्च भरलेलं की एखाद्या आंधळ्यालाही सांगता आलं नसतं ते खराब आहे म्हणून, आणि आम्ही दोन शहाणी माणसं एक-एक चांदणी मोजत होतो.

“इथंही दिवे आले,” जिनू म्हणाला. “आणखी आत जाऊ. माण तालुक्याच्या बाजूला. दहिवडीच्या पुढं काय आहे?”

“मेंढरं आहेत,” मी चिडून म्हणालो. “मेंढरं, खडक आणि वारा.”

“मग तेच पाहिजे,” जिनू म्हणाला.

मी चिडलो होतो तो जिनूवर नव्हे. देव असेल तर त्याच्यावर असेन.

पुढच्या खेपेला निघायच्या आधी उज्ज्वलावहिनींनी डबा माझ्या हातात दिला. जिनू आत चपला शोधत होता, त्याच्या पायाशीच होत्या. वहिनी एवढंच म्हणाल्या, “सांभाळून, भाऊजी.” मी मान हलवली. आज काही झालं तरी बोलायचंच, असं ठरवून मी गिअर टाकला.

दहिवडी मागं गेली, मग डांबर संपलं, मग गाडीवाट. दिवस मावळला तेव्हा आम्ही एका उघड्या माळावर पोचलो. इतका मोकळा माळ की जीपचं इंजिन बंद केलं तर कानाला दडे बसल्यासारखं झालं. एकही दिवा नाही. संधिप्रकाश गेला तसं आकाश खाली यायला लागलं, आणि माझ्यासारख्या नाइलाजानं आलेल्या माणसाचीसुद्धा बोलती बंद झाली. असं आकाश मी जन्मात पाहिलं नव्हतं.

मॅडमनी जिनूला हात धरून उतरवलं. तो जीपला टेकून उभा राहिला. नेहमीसारखी मान वर केली. चष्मा काढला, पुसला, घातला. मान जराशी वाकडी करून बघितलं. मी ओठ आवळून उभा होतो. त्याचा आकडा आला की एक कमी करून सांगायचा, एवढंच माझ्या डोक्यात.

“शून्य,” जिनू म्हणाला.

मी पटकन पुढं झालो.

“जिनू, धुरळा आहे जरा,” मी म्हणालो. “मलाही काही धड—”

“गप,” तो म्हणाला. रागानं नव्हे, एखाद्या लहान पोराला म्हणावं तसं. “माझ्या खाली जायला आता जागा राहिली नाही, हण्या.”

मॅडमनी तोंडाला पदर लावला.

“तुला सहा दिसतात,” जिनू म्हणाला. “वीस वर्षं सहाच दिसलेत. टेकडीवर तू तीन म्हणालास तेव्हाच समजलो. आणि मॅडमनी तर शाळेतल्या मुलीनं थाप मारावी तसं तीन सांगितलं.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुम्ही दोघं इतक्या जिवानं खोटं बोलत होता. मी कुठं मोडता घालू?”

“पुण्याला जाऊ,” मी म्हणालो. “उद्या जाऊ. आत्ता जाऊ. जीप आहे, डिझेल आहे.”

“जाऊन आलोय.”

“कधी?”

“टेकडीवरच्या त्या चारच्याही आधी. माल आणायला जातो म्हणून गेलो होतो.” तो जरा थांबला. “आमच्या आईचं दुखणं आहे ते. आतला पडदा वाळत जातो. आधी रात्र जाते, मग कडेकडेनं दिवसही. आई दिवस मावळला की जागची हलायची नाही, आठवतं तुला? तुझ्यासमोर ताट वाढायची ती उजेड असतानाच. डॉक्टर म्हणाले, आधी आला असता तरी उपाय नव्हता. आताही नाही.”

मला त्या काकू दिसल्या, ओसरीच्या कोपऱ्यात हात मांडीवर ठेवून बसलेल्या, आणि मी खदाखदा हसत त्यांच्यासमोरून पळणारा.

“मग हे सगळं कशासाठी रे?” मी विचारलं. “पेट्रोल पंप, घाट, हा माळ? जागा खराब होती म्हणूनच ना?”

“टेकडी झकास होती,” जिनू म्हणाला. “जितका अंधार जास्त, तितकी एखादी चांदणी मला जास्त मिळायची. घाटात एक हिवाळा मिळाला बघ. सहा दिसल्या होत्या, खोटं नाही. म्हटलं, इथं अजून एखादा महिना मिळेल.” तो हसल्यासारखा झाला. “नाही मिळाला. उज्ज्वलाला आज घरी गेल्यावर सांगणार आहे. तुम्ही थांबा दोघं तेव्हा.”

मी जीपच्या बॉनेटवर मूठ मारली. मग दुसरी मारली. हात दुखला आणि त्यानं काही झालं नाही. पन्नाशीचा माणूस मी, उघड्या माळावर हुंदके देऊन रडलो, आणि ज्याचे डोळे गेले होते तो माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

“झालं? आता कामाला लागा,” थोड्या वेळानं तो म्हणाला. “मोजायचं राहिलंय. माझं सांगून झालं. हण्या, आता तू. खरं सांग.”

“जिनू, सोड ना.”

“आपल्या मंडळाची रीत आहे. सांग.”

मी बाहीला डोळे पुसले आणि वर बघितलं. ओल्या डोळ्यांनी सगळं एकात एक मिसळत होतं. पुन्हा पुसले. मग हळूहळू एकेक वेगळी व्हायला लागली. सहा. मग कडेला सातवी, तिच्याजवळ आणखी एक. मी श्वास धरला.

“आठ,” मी म्हणालो.

“खरं?”

“आईशप्पथ. आजच. आयुष्यात पहिल्यांदा.”

“बघ,” जिनू म्हणाला, “मी म्हणत होतो की नाही, काळी जागा पाहिजे. आणि मॅडम?”

मॅडमना वेळ लागला. त्या मोजत होत्या की स्वतःला सावरत होत्या, सांगता येत नाही. शेवटी वर्गातल्याच आवाजात, पण अगदी हळू, त्या म्हणाल्या, “अकरा.”

जिनूनं जीपला टेकलेली पाठ सरळ केली.

“अकरा,” तो म्हणाला. “म्हणजे आकाश आहे तिथंच आहे. मग आजचं आकाश अकरा. आता मला सांगा, कुठली कुठं आहे. सावकाश.”

मॅडम सांगायला लागल्या. मधली सगळ्यांत ठळक. तिच्याखाली दोन, अगदी जवळजवळ. वरच्या अंगाला एक एकटी. जिनूनं उजवा हात वर केला होता आणि मॅडम म्हणतील तसं बोट जरा इकडं, जरा तिकडं नेत होता. चेहऱ्यावर ते जुनं, गिऱ्हाइकाचा धागा हातात घेतल्यावरचं ध्यान. फक्त त्याचं बोट भलतीकडंच होतं. कृत्तिका डोक्यावर, आणि तो दाखवत होता तिथं उत्तरेला दुसऱ्याच चांदण्या.

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी पुढं झालो, त्याचं मनगट धरलं आणि हात हळूच वळवून बोट बरोबर कृत्तिकांवर आणून ठेवलं.

“आता?” जिनूनं विचारलं.

“आता बरोबर,” मी म्हणालो.

“सांगा मॅडम पुढं,” तो म्हणाला, आणि मॅडम सांगत राहिल्या. त्याचा हात थकून खाली यायला लागला की मी खालून आधार द्यायचो. अकरा होईपर्यंत आम्ही तसेच उभे होतो.